मशीनचा दिवस

सोमवारी सकाळी सव्वासातला डब्यावरचा दिवा लाल झाला आणि मी आधी डब्यालाच एक चापट मारली. आमच्या पिढीला यंत्रावर एवढाच उपचार ठाऊक. रेडिओ, मिक्सर, पुढे टीव्ही, सगळे याच औषधावर जगले. डबा साबणाच्या वडीएवढा, पांढरा, गुळगुळीत. माझी मुलगी ज्योती राजूरच्या बाजूला आश्रमशाळेत शिकवते, ती दोन दिवसांच्या सुट्टीला येताना घेऊन आली होती. "नाना, हा हवा मोजतो," असं म्हणाली आणि म्हणून झाल्यावर स्वतःच ओशाळली, कारण केडगावची हवा अकरा वर्षं मोजली ती मी. डब्यावर दोनशे छत्तीस आकडा होता; आकडा चढेल तशी हवा वाईट. चापटीनंतर दोनशे एक्केचाळीस झाला. म्हटलं, याला उघड्यावर न्यावं, माणसासारखं यालाही घरात कोंडल्यासारखं होत असेल. खिडकीत ठेवला आणि बाहेर बघितलं. गल्लीच्या टोकाला अजिनाथच्या भंगाराच्या आवारातून काळा धूर निघत होता. पौषातली थंडी, त्यामुळे तो वर जाईना. पत्र्यांच्या उंचीवर आडवा होऊन, कूस बदलत, आमच्याकडे सरकत होता. धुराचं मला नवल नव्हतं, धूर रोजचाच. सोमवारी धूर होता, याचं नवल वाटलं. माझं हवा मोजायचं मशीन जाऊन दोन वर्षं झाली, म्हणजे दोन वर्षं तो सोमवारीही निघत असणार. मला आज दिसला.

मशीन आमच्या स्लॅबवर होतं. खरं तर ते शाळेच्या गच्चीवर बसायचं होतं, पण तिथं लाईट टिकेना, म्हणून आमच्याकडे आलं. पत्र्याचं, कमरेएवढं, वर दोन्ही बाजूंना उतरतं छप्पर. लांबून पाहिलं तर स्लॅबवर लहानसं देऊळ बांधल्यासारखं वाटायचं आणि जवळून पाहिलं तरी तसंच वाटायचं. दसऱ्याला आमच्या गल्लीतल्या बायकांनी त्याला हळदकुंकूही वाहिलं. शहरातल्या एका कॉलेजाकडे हवा मोजायचं काम होतं. कॉलेजाकडे माणूस नव्हता, आणि मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला दोनदा नापास झालेलो, म्हणजे विज्ञानाशी माझी ओळख चारचौघांपेक्षा जास्तच. आठवड्यातले दोन दिवस, सोमवार आणि गुरुवार, मशीन चोवीस तास चालायचं. आत पांढरा कागद लावायचा, आठ-आठ तासांनी बदलायचा, त्यावर बसलेल्या धुळीचं कॉलेजात वजन व्हायचं आणि वजनावरून आकडा निघायचा. आकड्याच्या पुढे शेरा. आमच्या आकड्यापुढे अकरा वर्षं एकच शेरा येत राहिला, समाधानकारक. माझ्या उभ्या जन्मात माझ्या कुठल्याही कामापुढे हा शब्द दुसऱ्या कोणी लिहिलेला नाही. मी तो चहाच्या वेळी मनकर्णाला वाचून दाखवायचो. मनकर्णा म्हणजे माझी बायको. ती म्हणायची, "बरं हाय की मग," आणि पदर तोंडाला लावून खोकायची.

पहिल्या रविवारी तिनंच स्लॅब धुऊन काढला होता. मी म्हणालो, अगं, धूळ मोजायला मशीन आणलंय आणि तू धूळच धुतीस? "अवं, उद्या त्ये चालू व्हनार. कागद कुठं कुठं जानार, कोन कोन बगनार. ह्या वस्तीत झाडलोट हाय का न्हाई म्हनतील लोकं." सोमवारी पहाटे तिनं मशीनभोवती सडा टाकला, मग जिन्यावर, मग दारात, मग थेट गल्लीत. शेजारच्या बनुबाईला निरोप गेला की आज बाजरी पाखडू नका, गोधड्या झटकू नका, मशीन चालू हाय. बनुबाईनं तो पुढच्या घरी दिला. महिन्याभरात सगळ्या गल्लीला मशीनचा दिवस पाठ झाला. त्या दिवशी कोणी कचरा पेटवायचं नाही, बंबात उसाचं पाचट घालायचं नाही, सकाळी दारापुढे पाणी मारायचं. बनुबाईची नवी सून निकिता सासरी आली तेव्हा तिला वाटलं, हे सोमवार-गुरुवारचं काहीतरी व्रत आहे. तिनं चार आठवडे उपासही धरला, आणि बनुबाईनं तिला चार आठवडे धरू दिला. मला याचा अभिमान वाटायचा. अख्ख्या नगरमध्ये हवेची एवढी काळजी घेणारी गल्ली दुसरी नसेल, असं मी कॉलेजातही सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली. सोमवारी न पेटवलेला कचरा मंगळवारी त्या दिवशीच्यासकट पेटायचा आणि बुधवारी गुरुवारचा आगाऊ पेटायचा, एवढं मी सांगितलं नाही. कोणी विचारलं नव्हतं.

अजिनाथ तर फार सज्जन माणूस. नागापूरच्या वर्कशॉपांतून वायरींची भेंडोळी, रबर, तेलकट चिंध्या असला माल उचलायचा आणि वायर जाळून आतलं तांबं काढायचा. जळत्या वायरीचा वास नाकात शिरत नाही, सरळ जिभेवर येऊन बसतो. मग चहाही तसाच लागतो, भाकरीही. रविवारी संध्याकाळी तो आमच्या फाटकाशी थांबायचा. "नाना, उद्या मशीन हाय ना?" "हाय." "मंग परवा पेटवितो. तुमाला तरास नको आमचा." "दिवाळीच्या आठवड्यात बुधवारी लावायचंय, सुट्टी आहे ना गुरुवारी." "बरं झालं सांगितलं. आसं सांगत जा नाना, शेजारी म्हनून येवढं तर करनारच ना मानूस." आणि मी सांगत गेलो. ज्याचा धूर मोजायचा त्याला मोजायचा वार मीच कळवत होतो, आणि हे आम्हा दोघांनाही शेजारधर्म वाटत होतं. एकदा पाहणीला साहेब आले, गुरुवारी. ओली गल्ली, दारोदार रांगोळी, निरभ्र आभाळ. साहेब मशीनपाशी उभे राहून दीर्घ श्वास घेत म्हणाले, "अशी हवा आजकाल बघायला मिळत नाही हो." ते खोटं बोलत नव्हते. आम्ही त्यांना नारळ दिला.

मला माहीत होतं का? सोमवारी सव्वासातपासून मी हाच प्रश्न डब्यासमोर धरून बसलो, आणि डबा दोनशे एकोणचाळीस म्हणत राहिला. माहीत होतं, असं म्हणवत नाही. माहीत नव्हतं, असं तर अजिबातच म्हणवत नाही. पाहुणा यायचा म्हटल्यावर आपण गादीवर धुतलेली चादर घालतो, तेव्हा पाहुण्याला आपण फसवतोय असं कुठे वाटतं? शाळेत साहेब यायचे तेव्हा गुरुजी आम्हाला आंघोळी करून या म्हणायचे. साहेब गेल्यावर आम्ही पुन्हा आमच्या मूळ रंगावर यायचो, आणि साहेबांच्या वहीत आम्ही कायमचे आंघोळ केलेले राहायचो. त्या वहीवर गुरुजींनी मात्र कधी विश्वास ठेवला नाही. मी ठेवला. फरक काय तो इतकाच. श्रावणात कागद कोरा निघायचा, अभ्यास न केलेल्या पोराच्या पेपरासारखा. चैत्र-वैशाखात नांगरलेल्या रानांवरून वावटळी यायच्या, तेव्हा तो तांबूस व्हायचा. मातीच ती, तिचं काही वाटायचं नाही. दिवाळीनंतर ऊस सुरू झाला की पाचटाच्या काळ्या पाकळ्या उडत येऊन वाळत घातलेल्या धोतरावर बसायच्या, पुणे रोडवरचे ट्रक धूळ उचलून पुन्हा तिथंच ठेवायचे, आणि थंडी सगळ्यावर झाकण घालायची. त्या दिवसांतला सोमवारचा कागद पाणी मारून, धूर थांबवूनही चहाच्या डागासारखा निघायचा. तोच उजेडाकडे धरून मी म्हणायचो, बघ, थंडीतसुद्धा समाधानकारक. बुधवारी कागद लावला असता तर तो कसा निघाला असता, हे मला एकदाही बघावंसं वाटलं नाही. नियमात नव्हतं, हे खरं. पण नियमात नसलेल्या किती गोष्टी मी केल्या.

मनकर्णाचा खोकला मार्गशीर्षात सुरू व्हायचा आणि होळीला थांबायचा. पहिली काही वर्षं अगदी वेळेवर, सरकारी माणसासारखा. मग होळी ओलांडून पाडव्याला, मग आंब्याच्या दिवसांत, आणि एका वर्षी श्रावणातही तो घरात होता, कोरा कागद हातात घेऊन जिना उतरताना मला ऐकू आला. फोडणीचा ठसका, मी म्हणालो. मिरची बदलली, तेल बदललं, तिला गार पाणी बंद केलं, उशी बदलली. एकदा बनुबाई म्हणाली, "नाना, तिला धुराचा तरास व्हतोय, ध्यानात येत न्हाई का तुमच्या?" तर मी तिला आकडा सांगितला. आकड्यापुढे बनुबाईसुद्धा गप्प बसली, तेव्हा आकड्याची ताकद बघा. मनकर्णा पाथर्डीच्या बाजूची, आईबाप ऊसतोडीला जायचे आणि ही लहानपणी त्यांच्याबरोबर. कारखान्यापाशी पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, झोपायची; सकाळी उठलं की पांघरुणावर चिमणीतून पडलेल्या राखेचा थर असायचा, त्यावर बोटानं चित्रं काढायची, असं ती कौतुकानं सांगायची. म्हणून मग मी पुढची काही वर्षं ते कारण धरलं. खोकला माहेरचा आहे, म्हटलं. माणूस बायकोच्या दुखण्याचं मूळ तिच्या माहेरी शोधू शकला की त्याला फार हायसं वाटतं. हळूहळू ती जिन्यात थांबायला लागली, चौथ्या पायरीला, मग दुसऱ्या. बोलताना वाक्याच्या मध्ये थांबायला लागली. मी वाक्य पूर्ण करून द्यायचो. चुकीचं पूर्ण केलं तरी ती मान हलवायची, कारण दुरुस्त करायला आणखी एक श्वास लागला असता. या सवयीमुळे गेल्या तीन-चार वर्षांत आमची भांडणं थांबली, आणि आता म्हातारपणी आपलं चांगलं जमायला लागलं, असा मी समज करून घेतला.

या दिवाळीनंतर ती दवाखान्यात आठ दिवस राहिली. डॉक्टर पोरसवदा होता. बिडी ओढायच्या का, चूल होती का, असं विचारून झाल्यावर त्यानं विचारलं, "राहता कुठं?" आणि मनकर्णानं माझ्याकडे बोट दाखवून अभिमानानं सांगितलं, "ह्ये हवा मोजायचे. लई चांगली हाय आमच्याकडं." डॉक्टर माझ्याकडे पाहून हसला, मीही हसलो. बाहेर बोलावून त्यानं सांगितलं की फुप्फुसं फार खराब झाली आहेत, निदान होळीपर्यंत यांना या हवेतून काढा, आणखी एक हिवाळा इथं झेपायचा नाही. ज्योती तेव्हापासून मागे लागली होती. राजूरला खोली आहे, डोंगर आहे, धूर नाही, रस्ता नाही, आई, चल. मनकर्णा एकाच वाक्यावर होती. "हवेला काय झालंय हितं? तुज्या बापानं अकरा वरीस मोजलीय." ज्योतीनं भांडून पाहिलं, रडून पाहिलं आणि शेवटी डबा आणला. डब्याचा आकडा दाखवला तर मनकर्णा म्हणाली, "येवढुशा डबीला काय कळतंय? ह्यांचं मशीन बग केवढं हुतं." आणि ज्योतीनं माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षं मला जे सांगता आलं नव्हतं ते आता माझ्याशिवाय कोणालाच सांगता येणार नव्हतं. मी डब्याला चापट मारली ती त्याच्या दुसऱ्या दिवशी.

ज्योती आंघोळीला गेली होती. मनकर्णा स्वयंपाकघरात पाटावर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर उचलून. हल्ली ती अशीच बसते. एखादं जड पोतं उचलायच्या आधी माणूस बसतो तसं, आणि पोतं कधीच उचलत नाही. मी समोर बसलो. काय बोलावं ते ठरवलं नव्हतं, म्हणून मशीनपासून सुरुवात केली. कागद कसा असतो, वजन कसं करतात, आठवड्यातून दोनदाच का. ती ऐकत होती. मग सडा, मग बनुबाईची बाजरी. मग अजिनाथ रविवारी फाटकाशी थांबायचा ते. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की मी हे गमतीच्या गोष्टीसारखं सांगतोय. मला दुसऱ्या तऱ्हेनं सांगताच येत नाही. निकिताच्या उपासावर तर मी थोडा हसलोही. मनकर्णा हसली नाही. ती म्हणाली, "सोमवार-गुरुवार मी गोधड्या का धुवायचे?" मी म्हणालो, सोमवार-गुरुवार झटकायच्या नाहीत असं ठरलं होतं म्हणून. ती थांबली. हे वाक्य मी पूर्ण करून दिलं नाही, कारण मला खरंच माहीत नव्हतं. "त्या दिशी दम लागत न्हवता," ती म्हणाली. "बाकीच्या दिशी बादली उचलत न्हवती. आठवडाभराचं जड काम मी त्या दोन दिशी काढायचे."

नळ ठिबकत होता. मी तो बंद करायला उठलो आणि पुन्हा बसलो. "तुला ठाऊक होतं?" "दम मला लागायचा का तुमाला?" "मग बोलली का नाहीस?" तिनं श्वास घेतला, खांद्यांनी. "तुमी आकडा वाचायला लागला की तोंड कसं व्हायचं तुमचं. बारशाला आल्यावानी. म्या म्हनलं, आसू दे. घरात येका मानसाला तर बरं वाटतंय." एवढं सगळं ठाऊक असताना ही राजूरला का जात नाही, महिनाभर लेकीशी का भांडतेय, असं मी विचारलं, आणि जरा रागानंच विचारलं. चोरी सापडलेल्या माणसाचा आवाज थोडा चढतोच. ती म्हणाली, "तुमी म्हना की आदी." "काय?" "हवा वाईट हाय म्हनून. डाक्टर म्हनतोय, पोरगी म्हनती, डबी म्हनती. तुमी न्हाई म्हनला. तुमी म्हनल्याबिगर ग्येले, तर मागं हितं यकटं बसून तुमी काय करनार? समाधानकारक, समाधानकारक?" तो शब्द तिच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. पूर्ण उच्चारला तिनं, मध्ये न थांबता. त्यासाठी किती हवा लागली असेल. मी म्हणालो, "हवा वाईट आहे." ती वाट बघत राहिली. "तेव्हापण वाईट होती. मी चांगली सांगितली." "हां," ती म्हणाली, आणि मोरीच्या दाराकडे तोंड करून, आवाज पोचेल तेवढ्या जोरात, "ज्योते, पिशवी काढ माजी."

दुपारी जीप सांगितली. निघताना अजिनाथ धावत आला, हात काळे, ते मागे लपवत. "काकू, लवकर बऱ्या व्हऊन या. काय लागलं तर सांगा नाना, संकोच करू नका. म्या हाय हितं." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. धुराचं असेल, पण धरून चालू की खरं होतं. त्याला दोष द्यायचा तर वार कोणी सांगितले, याची आठवण तोही मला करून देऊ शकला असता, आणि सज्जन असल्यामुळे तो देणार नाही याची मला खात्री होती. संगमनेर सोडलं, अकोले मागे पडलं, डोंगर जवळ आले. मनकर्णाचं डोकं ज्योतीच्या खांद्यावर होतं. प्रत्येक वळणावर मला वाटायचं, आता हिचे खांदे खाली येतील. ठिकाण बदललं की शेरा बदलतो, एवढंच विज्ञान माझ्याजवळ उरलं होतं, आणि त्यावर मी पाच तास काढले.

सकाळी मी उठलो तेव्हा ती ज्योतीच्या खोलीच्या उंबऱ्यात बसली होती, घोंगडी पांघरून. समोर भाताची रिकामी खाचरं, त्यावर दव, त्यापलीकडे डोंगर इतका स्वच्छ की त्यावरची झाडं मोजावीत. मी तिच्या शेजारी टेकलो. पहिल्याच श्वासाला माझ्या छातीत काहीतरी उघडलं, बंद घराची खिडकी उघडावी तसं. गार, ओलसर, गवताच्या वासाचं. माणसाला असा श्वास घेता येतो हे मी विसरलो होतो, किंवा मला कधी माहीतच नव्हतं. मी दुसरा घेतला, तिसरा घेतला, अधाशासारखा. मग तिच्याकडे पाहिलं. खांदे तसेच वर होते. हात तसेच गुडघ्यांवर रोवलेले. गळ्याखालची खळगी आत जात होती, बाहेर येत होती, काल केडगावला जात होती तशीच.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

ती डोंगराकडे बघत होती.

"हवा चांगली हाय हो," ती म्हणाली. थांबली. मी मध्ये काही घातलं नाही. "लई चांगली हाय. पन आत जागाच न्हाई."

आत ज्योती स्टोव्हवर चहाचं आधण ठेवत होती. मी तिथंच बसून राहिलो, आणि माझा श्वास जरा हळू घ्यायला लागलो, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.